सहा बाय आठ इंचांचे उन्हाळे

फोन आला तेव्हा सकाळच्या दुधाची रांग चालू होती. रांगेत अकरा जण उरले होते. बीडहून पुतण्या संजय बोलत होता. "काकू, आई गेली... झोपेतच." मी "बरं" म्हणाले. का म्हणाले ते सांगता येणार नाही. असं ऐकल्यावर माणूस दुसरं काय म्हणतो तेही मला ठाऊक नाही. मग मी राहिलेल्या अकराही जणांचं दूध घेतलं, नमुने काढले, फॅट लावली, कॅनची झाकणं दाबून बसवली, टेम्पो रवाना केला, आणि त्यानंतरच मापावरच्या माणसाला सांगितलं की आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, वारल्या, मी बीडला निघाले. तो माझ्याकडे बघतच राहिला. पुढे गावात बोललं गेलं की सेक्रेटरीबाईंचं काळीज तराजूचं आहे. असेलही. पण अक्का असत्या तर त्यांनी मला एवढंच विचारलं असतं, "फॅट बरूबर लावली ना, का रडत रडत लावली?"

याला आता पाच आठवडे होतील. अक्कांनी काढलेली चित्रं मी या दिवसांत पहिल्यांदा नीट मोजली. एकशे बारा भरली. सगळी तेलरंगातली, सगळी लहान, आणि सगळी आमच्या एका गल्लीची. गल्लीसुद्धा फक्त उन्हाळ्यातली. एवढ्या चित्रांत एकही डोंगर नाही, देऊळ नाही, पुढारी नाही. त्यांच्याविषयी लिहायचं तर या चित्रांविषयी लिहावं लागेल, आणि चित्रांविषयी लिहायचं तर माझ्या एका वाक्याविषयीही लिहावं लागेल. ते मी टाळणार नाही.

आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटच्या बाजूला. अक्कांचं माहेर दिंद्रुडचं. त्यांचे वडील पाट्या रंगवायचे. तो सहकाराच्या भरभराटीचा काळ होता. सेवा सोसायटी, दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था, सूतगिरणी... अक्का सांगायच्या, संस्था उभी राहायच्या आधी तिची पाटी उभी राहायची, आणि काही गावांत शेवटपर्यंत पाटीच उभी राहिली. वडील अक्षरं काढायचे आणि कोपऱ्यातलं चित्र लेकीवर सोपवायचे. ज्वारीचं कणीस, गाय, एकमेकांत गुंतलेले दोन हात. तालुक्यातल्या कितीतरी पाट्यांवरच्या गायींचे डोळे अक्कांनी काढलेले होते. सतराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि ब्रश सुटला. त्यानंतर अकरा वर्षांनी मी त्या घरात धाकटी सून म्हणून आले. जावा म्हटलं की चुली दोन होणारच, असं माझ्या माहेरी सगळ्यांनी बजावून पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी अक्कांनी विचारलं, "तुला काय येतं गं?" मी खरं तेच सांगितलं, "आकडेमोड येते." त्या हसल्या. "मंग बरं झालं. मला मोजलेलं कंदीच बरूबर येत न्हाई. पीठ मळाय घेतलं की चार भाकरी जास्तीच व्हतात." चूल शेवटपर्यंत एकच राहिली.

ज्या वर्षी जनावरांच्या छावण्या उघडल्या, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीला एक दिवसाआड टँकर यायचा. कधी सकाळी दहाला, कधी दुपारी तीनला, त्याचं काही खरं नसायचं. बाया उन्हात किती वेळ उभ्या राहणार? म्हणून बाईऐवजी घागर उभी करायची पद्धत पडली. सकाळी आपली घागर रांगेत ठेवायची, घरी जाऊन कामं उरकायची आणि भोंगा ऐकला की पळत यायचं. घागरीची जागा ती त्या बाईची जागा. तिला कुणी हात लावायचा नाही. पण सगळ्या घागरी एकाच बाजारातल्या, एकाच निळ्या प्लास्टिकच्या. "ही माझी", "तुझी कशाची, माझी हाय" यावरून दर टँकरला भांडण. एका दुपारी दारांना लावून उरलेल्या ऑइल पेंटचे डबे घेऊन अक्का ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आणा गं तुमच्या घागरी." नावं घालता आली असती, पण रांगेतल्या निम्म्याहून जास्त बायांना वाचता येत नव्हतं. म्हणून अक्कांनी खुणा काढल्या. कुणाला पोपट, कुणाला फणी, कुणाला वांगं. समोरच्या घरातल्या गयाबाईला मिरची काढली. गयाबाई दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी, बोलायला सणसणीत. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अक्का, समद्यांला पोपट न् मोर, अन् मलाच मिरची कावून?"

"तुझं बोलणं ऐकलंय म्हणून."

"मंग दोन काढा. एक माझी, एक सासूची."

तीन दुपारींत एकतीस घागरी झाल्या. भांडणं थांबली. आणि अक्कांच्या हातात ब्रश परत आला तो असा.

डब्यांच्या तळाशी रंग राहिला होता. तो वाळून जाईल म्हणून अक्कांनी फळांच्या खोक्याची एक फळी घेतली आणि तिच्यावर घागरींची रांग काढली. एकही बाई नाही, नुसत्या घागरी, आणि प्रत्येकीची सावली एका बाजूला. मी चित्र हातात घेऊन मोजलं आणि म्हणाले, "अक्का, यात घागरी चौदाच आहेत. रांगेत एकतीस होत्या."

"उरलेल्या सतरा पाणी घेऊन घरी गेल्या."

"आणि सावली निळी कशी? सावली काळी असते."

"कुणी सांगितलं? जा, भाईर जाऊन बघ. पर डोळ्यानं बघ, मनानं बघू नगंस."

मी खरंच बाहेर गेले. दुपारी दोनच्या उन्हात, पांढऱ्या मातीवर पडलेली घागरीची सावली निळी होती. एवढी वर्षं त्या उन्हातून ये-जा करून मला ती दिसलेली नव्हती. आकड्यांच्या माणसाला पुरावा लागतो. तो मिळाला, आणि त्या दिवसापासून चित्राच्या बाबतीत मी अक्कांशी वाद घातला नाही.

मग त्यांनी दिंद्रुडहून भावाकडून वडिलांच्या राहिलेल्या रंगांच्या ट्यूबा आणि ब्रश मागवले. जवसाचं तेल नांदूरघाटच्या घाण्यावरून यायचं, टर्पेंटाइन केजहून. "पाण्याच्या रंगाला पाणी लागतं," त्या म्हणायच्या. "ह्याला थेंब लागत न्हाई. दुष्काळात हीच चित्रकला बरी." उन्हाळाच का, हेही मी एकदा विचारलं होतं. उत्तर सोपं होतं. दसऱ्यानंतर आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी राहतात. पाडव्याच्या सुमारास माणसं कारखान्यांवरून परत येतात आणि गल्ली भरते. दुसऱ्यांना उन्हाळा म्हणजे ओसाड वाटतो, आमच्याकडे उन्हाळा म्हणजे गर्दी. लिंबाखाली दाढी करून घेणारा म्हातारा, बाजेवर वाळणाऱ्या कुरडया आणि त्यांच्यावर नजर ठेवून असलेली शेळी, लग्नाच्या मांडवाचं कापड धरून उभे असलेले चौघे, आणि त्यातला एक भलतीकडेच बघणारा. अक्का ओट्यावर बसून हे सगळं काढायच्या. समोरचं माणूस उठून गेलं तर चित्र तिथेच थांबायचं. मनाने पुरं करायचं नाही, हा त्यांचा नेम. "उठून गेलं ते बी खरंच हाय की," म्हणायच्या.

अडचण एकच होती. तेलरंग लवकर वाळत नाही. उन्हाळ्यातसुद्धा आठ-दहा दिवस लागतात, पांढरा जाड लावला तर त्याहून जास्त. घरात शेळ्या, धूळ, पोरं, आणि सासऱ्यांना टर्पेंटाइनच्या वासाने खोकला. त्या वेळी मी गावच्या दूध संस्थेत नुकतीच सेक्रेटरी झाले होते. संस्थेच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत एरवी पेंडीची पोती असायची, पण त्या वर्षी पेंड छावणीत जात होती आणि खोली रिकामी होती. नऊ कॅन दूध जाणाऱ्या गावातून साडेतीन कॅन जात होतं. मी मागच्या खोलीची किल्ली अक्कांना दिली. भिंतीतल्या फळ्यांवर चित्रं ओळीने उभी राहिली. दुपारी रांग नसली की मी तिथे जाऊन बसायची. बाहेर फुफाटा, आणि आत सहा-सात लहान लहान उन्हाळे वाळत पडलेले... मला तिथे थंड वाटायचं, याचं कारण अजून सापडलेलं नाही.

दूध गाळायचं फडकं मी रोज धुऊन बाहेरच्या दोरीवर घालत असे. एक दिवस वावटळ उठली होती, म्हणून ते मागच्या खोलीत वाळत घातलं. दार-खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळचं सगळं दूध त्या फडक्यातून गाळलं गेलं. मला वास आला नाही, कारण माझ्या नाकाला त्या वासाची सवय झाली होती. शीतकरण केंद्रावरच्या तपासणाऱ्याला मात्र पहिलं झाकण उघडताच आला. टेम्पोवाला कॅन जसेच्या तसे परत घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, ह्या दुधाला रंगाचा वास मारतोय. घेत न्हाईत." सत्तावीस घरांचं दूध, एकशे बेचाळीस लिटर. दुष्काळात, जेव्हा एकेका जनावराच्या तोंडचा चारा पोरांसारखा वाटून दिला जात होता, तेव्हा. ते दूध आम्ही वासरांपुढे ठेवलं. वासरांनीही तोंड फिरवलं.

चार दिवसांनी सभासदांची सभा झाली. मागे बाया बसल्या होत्या, त्यांत अक्काही होत्या. संस्थेचे चेअरमन तात्या, म्हातारे आणि शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, "बाई, नेमकं काय झालं ते सांगा." ही गोष्ट दडवता आली असती. टेम्पोत डिझेल सांडलं असेल, असं एक जण मला आधीच सुचवून गेला होता. मी तसं केलं नाही. फडकं मी आत वाळत घातलं, वास अक्कांच्या चित्रांचा, खोली मी दिली, असं सगळं क्रमाने सांगितलं. गलका झाला. नामदेव म्हणून आमचे एक सभासद आहेत, त्यांना कुठलीही सभा टोमण्याशिवाय गोड लागत नाही. ते उठले.

"मंग फॅट किती लागली बाई? हिरवी का तांबडी?"

सगळे हसले. मागून कुणी ओरडलं, "आमचं दूध नासवून मोर नाचवाय लागलेत व्हय!" मी मागे पाहिलं. अक्का मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, आता यांना वाचवलं पाहिजे. आणि मी म्हणाले, "अहो, त्या काय चित्रकार आहेत का? उन्हाळ्यात हाताला काम नसतं म्हणून टाइमपास करतात. उद्यापासून बंद होईल."

सभा शांत झाली. टाइमपास म्हटल्यावर कुणी काय बोलणार? तात्यांनी पुढचा विषय घेतला. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. एकोणीस चित्रं पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. ट्यूबा आणि ब्रश एका पत्र्याच्या डब्यात गेले. त्या रुसल्या असत्या, अबोला धरला असता तर मला कळलं असतं. पण त्या तशाच राहिल्या. माझी दुसरी मुलगी आजारी पडली तेव्हा चार दिवस मांडीवर घेऊन बसल्या. माझ्या डोक्याला तेल लावलं. चार भाकरी जास्तीच्या होतच राहिल्या. उन्हाळा आला की बाया यायच्या, "अक्का, माझा पोपट पुसलाय." अक्का लगेच ब्रश काढून पोपट काढून द्यायच्या. घागरी रंगवणं चालू राहिलं, चित्र मात्र एकही नाही. मी एक-दोनदा म्हणाले, "अक्का, काढा की काहीतरी." त्या म्हणायच्या, "वेळ कुठाय?" मी समजत राहिले की भर सभेत नाव घेतलं याचा राग आहे. आणि तो राग मला अन्यायाचा वाटायचा, कारण मी खरं बोलले होते. असे सात उन्हाळे गेले.

आठव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दाखवायला मी त्यांना अंबाजोगाईला घेऊन गेले. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासता तपासता विचारलं, "आजी, काम काय करता? बारीक काम असतं का डोळ्यांचं?"

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "उन्हाळ्यात टाइमपास करत व्हते. ते बी आता न्हाई."

माझ्याकडे न बघता म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. सगळ्यात खालची ओळसुद्धा मला स्पष्ट दिसत होती, पण एक अक्षर वाचता येईना.

परतीच्या एसटीत केज मागे पडल्यावर मी म्हणाले, "अक्का, तेव्हा मी नाव घ्यायला नको होतं का?"

"नाव घेतलंस ते बरूबर केलंस. सत्तावीस घरांचं दूध गेलतं. न्हाई घेतलं असतंस तर मी उठून सांगितलं असतं."

"मग?"

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "चुकीचं काम केलं म्हणली असतीस तर चाललं असतं सुमन. पर काम तर म्हणली असतीस."

एसटी थांबली, चढणारे चढले, आमच्या पायाशी कुणी कोंबड्यांची पाटी ठेवली. मी तेवढ्या वेळात सभेतलं माझं बोलणं पहिल्यापासून आठवून पाहिलं. माझ्या बोलण्यात सगळं तपासलेलं होतं. लिटर बरोबर, घरं बरोबर, फडकं, दोरी, खिडकी, सगळं बरोबर. एक वाक्य खोटं होतं, आणि ते मी दयेने बोलले होते, म्हणून मी ते कधी तपासलंच नव्हतं. त्यांच्या खोलीत बसून मला थंड वाटायचं हे ठाऊक असलेली मी एकटीच बाई त्या सभेत होते. आणि मीच त्याला टाइमपास म्हणाले.

घरी माफी मागून हे मिटलं असतं, असं माझे यजमान म्हणाले. मला तसं वाटलं नाही. खोटं सभेत बोललं गेलं होतं. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत, शेवटी ऐनवेळचे विषय घेतात तेव्हा, मी उभी राहिले. म्हणाले, "सात वर्षांपूर्वीच्या सभेतली माझी एक चूक दुरुस्त करायची आहे."

तात्यांनी चष्मा काढला. "बाई, सात वर्षांपूर्वी?"

नामदेव लगेच म्हणाले, "दुधाचं दही झालं, दह्याचं ताक झालं, आता कावून घुसळता?"

मी म्हणाले, "नामदेवराव, दुधाबद्दल बोलले ते खरंच होतं. त्यात बदल नाही. पण आमच्या जाऊबाई टाइमपास करतात असं मी म्हणाले, ते खोटं होतं. ते त्यांचं काम होतं. आणि ते काम उत्तम होतं. हे इतिवृत्तात लिहून घ्यावं."

कुणी हसलं, कुणी चुळबुळलं. नामदेव काही बोलणार होते, पण बायांच्या बाजूने गयाबाईचा आवाज आला. वर्षाचे सहा महिनेच गावात असते, पण सभा कधी चुकवत नाही. "लिव्हून घ्या तात्या. माझी घागर सात वरीस रांगेत कुणी हलवली न्हाई, ती कुणाच्या कामानं? तुमच्या का?" तात्यांनी मान हलवली. इतिवृत्तात ते एका ओळीत आलं. मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, कारण लिहिणारी मीच होते.

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. अक्का भेंडी चिरत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सभेत च्या तरी मिळाला का, का नुसती भाषणंच?" मी म्हणाले, मिळाला. एवढंच. पण त्या दिवशी भाकरी चारऐवजी सहा जास्त झाल्या.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर त्या माळ्यावरची एकोणीस चित्रं काढून बघत बसल्या आणि म्हणाल्या, "सावल्या अजून निळ्या करायला पायजेत. डोळ्यावर पडदा व्हता तवा." पाडव्याआधी मी केजहून हार्डबोर्डचा एक अख्खा शीट आणला. आठ फूट बाय चार फूट. सहा बाय आठ इंचांचे तुकडे केले की बरोबर शहाण्णव होतात आणि वाया काही जात नाही. सुताराकडून कापून घेतले, रंगाखालचं अस्तर मारून घेतलं आणि अक्कांपुढे चवड ठेवली. त्या बघतच राहिल्या. "अगं, गल्ली सहा बाय आठ हाय का?" मी म्हणाले, "तुम्ही बसवाल." प्रश्न पुन्हा वाळवण्याचाच होता. संस्थेत आता तसं करणं शक्य नव्हतं, आणि मी केलंही नसतं. आमच्या स्वयंपाकघरात जाळीचं कपाट आहे, दूध-तूप ठेवायचं, माशी न शिरणारं. मी दूध बाहेर काढलं आणि कपाट चित्रांना दिलं. पाच वर्षं आमच्या घरी दूध पातेल्यावर ताट झाकून ओट्यावर राहिलं आहे. दोन वेळा मांजराने प्यायलं. चालायचंच.

त्या पाच उन्हाळ्यांत त्र्याण्णव चित्रं झाली. तीन तुकडे कोरे उरले आहेत. त्र्याण्णवांतलं शेवटचं चित्र गयाबाईचं. या वर्षी ती कारखान्यावरून परत आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच्या घराच्या ओट्यावर, भिंतीला डोकं लावून, तोंडावर पदरही न घेता झोपली. अक्का आमच्या ओट्यावरून बघत होत्या. मला खुणेने म्हणाल्या, भांडी वाजवू नको. पाच दुपारी गयाबाई त्याच जागी झोपत राहिली आणि अक्का काढत राहिल्या. चित्रात तिचा हात उताणा पडला आहे, बोटं अर्धी मिटलेली. अजून कोयता धरलेला असावा तशी, पण कोयता नाही. लुगड्यावर जाड पांढरं ऊन. उजव्या पायाचा तळवा रंगवायचा राहिला आहे, तिथे नुसतं अस्तर दिसतं. "भेगा शेवटी काढीन," अक्का म्हणाल्या होत्या, "घाईत काढल्या तर दुखत्याल." सहाव्या दिवशी त्यांच्या छातीत कळ आली आणि संजय त्यांना तपासणीसाठी बीडला घेऊन गेला. जाताना जीपमधून त्यांनी समोर बघितलं. गयाबाई जागी होती, भांडी घासत होती. अक्का म्हणाल्या, "गया, तुझं चित्र झालंय बघ. वाळलं की सुमनकडनं घेऊन जा." नंतर त्या फक्त चार दिवस होत्या.

तेराव्याला गयाबाई आली. पंगत उठल्यावर माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सेक्रेटरीबाई, माझं चित्र... अक्का म्हणल्या व्हत्या." तिला एवढ्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मला झोपलेलं आजवर कुणी बघितलंच न्हाई. फडात मी समद्यांच्या आधी उठती अन् समद्यांच्या नंतर पडती. मी निवांत असली की कशी दिसती, ते मला एकदा बगू द्या."

मी कपाटाकडे पाठ करून उभी राहिले आणि म्हणाले, "अजून ओलं आहे. सोमवारी ये."

ते ओलं नव्हतं. त्याच दिवशी सकाळी मी लुगड्यावरच्या जाड पांढऱ्याला बोट लावून बघितलं होतं. बोटाला काही लागलं नव्हतं. सोमवारी ती आली तेव्हा मी म्हणाले, पांढरा रंग उशिरा वाळतो. त्यापुढच्या सोमवारी म्हणाले, हवा दमट आहे. बीड जिल्ह्यात, या दिवसांत, हवा दमट! गयाबाईने आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेली.

अक्कांच्या बाबतीत मी दोनदा खोटं बोलले. पहिलं सभेत दुरुस्त केलं. दुसरं इथे करते: चित्र वाळलं आहे. अक्कांचं शेवटचं काम घरातून जाऊ नये, एवढंच त्या खोट्याचं कारण. हा मजकूर छापून आला की गल्लीतलं कुणीतरी गयाबाईला वाचून दाखवीलच, आणि ती सोमवारची वाट न बघता येईल. यावं. तिचं आहे, मी देईन. दसऱ्याला ती जाईल तेव्हा पेटीत चित्र असायला हवं.

तोवर सकाळी दूध घ्यायला निघण्याआधी मी जाळीचं दार एकदा उघडून बघते. दार मात्र हळू लावते. आत माणूस झोपलं आहे.